'रॅली' सस्पेन्शन कीटमधील उत्पादनदोष आणि नाकारलेली वॉरंटी याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
सस्पेन्शन कीट उत्पादक कंपनी

विषय: मारुती सुझुकी स्विफ्ट, 2016, पेट्रोल, या गाडीसाठी घेतलेल्या कीटची पूर्ण रक्कम परत मिळणे आणि ब्रेक होजच्या (ब्रेकचे तेल चाकाकडे नेणाऱ्या रबरी नळीच्या) पट्टीबाबत सर्व ग्राहकांना तातडीने सूचना देणे.

महोदय,

आमचा वॉरंटीचा दावा आपण दोन कारणे देऊन फेटाळला. गाडी रॅलीत वापरली, हे पहिले. अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) करून घेतले नाही, हे दुसरे. बॉक्सवर, बिलावर आणि सूचनापत्रावर 'रॅली' हा शब्द आपणच छापला आहे, म्हणून पहिल्या कारणावर अधिक लिहीत नाही. अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट सोबत जोडला आहे.

आमची तक्रार झिजेची नाहीच. खाली दिलेले मुख्य दोष वापरामुळे निर्माण होऊच शकत नाहीत. आपल्या गोदामातला याच बॅचचा न उघडलेला बॉक्स फोडून व्हर्नियर आणि टेप घेऊन बसलात, तर हीच मापे तिथेही मिळतील.

सर्वांत आधी ब्रेक होज, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. पुढच्या स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबावर) होज अडकवण्याची पट्टी मूळ स्ट्रटच्या तुलनेत 20 मिमी खाली वेल्ड केलेली आहे. गाडी जॅकवर घेऊन चाक पूर्ण लोंबकळू द्या आणि स्टिअरिंग एका टोकाला फिरवा. बॉडीकडचा होज तारेसारखा ताणला जातो आणि कॅलिपरकडे (चाकावरच्या ब्रेकच्या भागाकडे) मात्र ढिला लोंबतो. सपाट रस्त्यावर हे कधीच दिसणार नाही. चढाचा माथा ओलांडताना चाक हवेत सुटते आणि त्याच क्षणी वळण असेल, तर सगळा ताण होजच्या टोकावरच्या जोडावर येतो. आम्ही तो पट्टीतून मोकळा करून तात्पुरता वेगळा बांधला होता. हेच कीट बसवलेल्या बाकी गाड्यांचे काय, याची काळजी आपण घ्यायला हवी.

आता स्प्रिंग. आपल्या तक्त्यात पुढच्या स्प्रिंगचा दर (दाबायला लागणारा जोर) मिलिमीटरला 30 न्यूटन आणि तारेची जाडी 12.5 मिमी दिली आहे. रंग खरवडून मोजली तर तार 11.8 मिमी भरते. वेटोळ्यांची संख्या आणि व्यास तक्त्याप्रमाणेच आहेत. फरक किरकोळ वाटेल, पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे 0.7 मिमीच्या कमतरतेने कडकपणा सुमारे 20 टक्के घटतो आणि 30 चा दर 24 च्या आसपास येतो. स्प्रिंग टेस्टरवरही तेच दिसले. 50 मिमी दाबायला 153 किलो भार लागायला हवा होता, लागला 121 किलो. तार वापराने बारीक होत नाही. स्प्रिंग वापराने बसली, म्हणजे दबून कायमची आखूड झाली, तर तिची उंची घटते, दर जवळपास तोच राहतो.

आणि ती बसलीही आहे. पुढची उंची 14 मिमीने उतरली, डाव्या-उजव्या बाजूंत 6 मिमीचा फरक पडला. चांगल्या कारखान्यात रंगापूर्वी स्प्रिंग वेटोळ्याला वेटोळे टेकेपर्यंत दाबून सोडतात. जे काही बसायचे ते तिथेच बसते आणि नंतर उंची टिकते. या स्प्रिंगवर ती क्रिया झाली होती का, याचे लेखी उत्तर द्यावे.

शॉकअपबाबत बॉक्सवर 'मोनोट्यूब, नायट्रोजन', म्हणजे एकाच नळीचा आणि गॅस भरलेला, असे छापले आहे. गॅस भरलेला शॉकअप हाताने दाबून सोडला की दांडी आपोआप बाहेर येते. या चारही शॉकअपची दांडी दाबली तिथेच थांबते आणि सीलभोवती तेलाचा थेंबही नाही. मागचा एक शॉकअप आडवा कापून पाहिला. आत दुसरी नळी निघाली, म्हणजे तो साधा ट्विन-ट्यूब आहे. ट्विन-ट्यूब टाकाऊ असतो असे नव्हे. रोजच्या वापराच्या लाखो गाड्या त्यावर व्यवस्थित धावतात. पण गॅसचा दाब नसलेल्या ट्विन-ट्यूबमध्ये मुरमाच्या रस्त्यावर सलग मार बसला की तेल तापते, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि डॅम्पिंग (हेलकावे आवरण्याची क्षमता) ढिले पडते. याच कारणासाठी आम्ही मोनोट्यूबचे पैसे मोजले होते.

तेल थंड असतानाचे सेटिंगही चुकलेले आहे. रिबाउंड (दबलेला शॉकअप परत सुटतानाचा विरोध) फार जड आहे. कच्च्या रस्त्यावरच्या लाटा साधारण 70 सेंमी अंतरावर असतील आणि गाडी ताशी 50 किमीने चालली असेल, तर चाकाला सेकंदाला सुमारे 20 लाटा लागतात. दबणे आणि परत सुटणे, दोन्ही मिळून 50 मिलिसेकंदांत व्हायला हवे. जड रिबाउंडमुळे चाक पूर्ण खाली येण्याआधीच पुढची लाट येते. गाडी दर लाटेला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी संप गार्ड (इंजिनखालचा संरक्षक पत्रा) जमिनीला घासू लागतो. हौशी टीएसडी (वेळ-वेग-अंतर पाळण्याच्या) रॅलीत वेग मर्यादित असतो, पण असे पट्टे लांबच लांब असतात, आणि सस्पेन्शनची खरी परीक्षा तिथेच होते.

मागच्या शॉकअपची पूर्ण दाबलेली लांबी तक्त्यापेक्षा 15 मिमी जास्त आहे. स्प्रिंग काढून, चाक जॅकने वर ढकलत मोजले. रबरी स्टॉपर जेमतेम 8 मिमी दबतो, तोच पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आपटतो. मार स्टॉपरने घ्यायचा असतो. तो पूर्ण दबल्यावरही शॉकअपमध्ये किमान 10 मिमी शिल्लक राहायला हवेत. इथे धातूवर धातू आपटून उजव्या शॉकअपच्या खालच्या कडीचे वेल्डिंग तडकले. दांडीवर केबल टाय बांधून घेतलेल्या खुणांचे फोटो सोबत आहेत.

पुढच्या बाजूला याच्या उलट झाले आहे. स्प्रिंगची बैठक वर सरकवून आपण गाडी 40 मिमी उचलली, पण स्ट्रटची पूर्ण ताणलेली लांबी मूळचीच ठेवली. उंचीसाठी लागलेले 40 मिमी चाक खाली जाण्याच्या ट्रॅव्हलमधून (हालचालीच्या अंतरातून) गेले. परिणामी लहानशा उंचवट्यानंतरही स्ट्रट आतून ठोका देतो आणि वरच्या माउंटिंगचे रबर फाटते. ज्या गाडीने खड्ड्यात चाक सोडायचे, तिचा खालचा ट्रॅव्हलच काढून घेतला, तर ते रॅलीचे सस्पेन्शन होत नाही. ती फक्त उंच दिसणारी गाडी होते. शिवाय 40 मिमीला ड्राइव्ह शाफ्टचे (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचे) जॉइंट आणि टाय रॉड (स्टिअरिंगची चाकाकडची दांडी) दोन्ही जास्त तिरके होतात. स्ट्रट लांब देता येत नसेल, तर 25 मिमीवर थांबणे योग्य होते.

सूचनापत्रातील एक ओळ घातक आहे. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट चाक लोंबकळत असतानाच पूर्ण आवळावेत, असे त्यात लिहिले आहे. तसे केले तर गाडी जमिनीवर टेकताच बुशचे रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बोल्ट आधी हलके लावून, गाडी चाकांवर उभी करून, मगच आवळायचे असतात. आमच्या फिटरने ती ओळ मानली नाही, म्हणून बुश शाबूत आहेत. कोणत्याही बोल्टचा टॉर्क (किती जोराने आवळायचा ते माप) मात्र पत्रात दिलेला नाही.

पत्रावर 'आरटीओ मान्य' असेही छापले आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 गाडीतील बदलांवर बंधने घालते. ही मान्यता कोणत्या पत्राने मिळाली, त्याची प्रत द्यावी.

आमच्या मागण्या अशा: कीटचे 64,000 रुपये, तसेच बसवणे, काढणे आणि अलाइनमेंटचा बिलाप्रमाणे झालेला खर्च परत मिळावा. ब्रेक होजची सूचना याच बॅचच्या प्रत्येक ग्राहकाला आठ दिवसांत लेखी जावी. दुरुस्त केलेले सूचनापत्र टॉर्कच्या आकड्यांसह प्रसिद्ध करावे. बदली कीट नको. तेच माप पुन्हा येणार असेल तर त्याचा उपयोग नाही.

उरलेले तीन शॉकअप, दोन्ही स्प्रिंग आणि कापलेल्या शॉकअपचे तुकडे मोहोरबंद ठेवले आहेत. आपला तंत्रज्ञ आमच्या समोर मोजणार असेल तर ते दाखवू. कुरिअरने पाठवणार नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करू आणि सुटे भाग प्रयोगशाळेत तपासण्याची विनंती करू.

आपले ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, वॉरंटी नाकारल्याचा ईमेल, अलाइनमेंट रिपोर्ट, स्प्रिंग टेस्टरची नोंद, मापे घेतानाचे फोटो, सूचनापत्राची प्रत.