घरीच असता ना?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला घरून काम करण्याच्या फायद्या-तोट्यांवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी मेहनत घेतली आहे, त्याबद्दल आभार. पण ते स्वतः कधी घरून काम करत असतील असं काही वाटलं नाही. ‘प्रवासाचा वेळ वाचतो’ हे वाक्य लेखात तीनदा आलंय. वाचतो, कोण नाही म्हणतंय? माझे रोजचे दीड-दोन तास वाचतात. ते मग जातात कुठे, हे मात्र एकदाही आलेलं नाही.

मी सांगते. साहेबांकडे जातात. घरून काम सुरू झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात साडेनऊची मीटिंग साडेआठवर आली. का, असं विचारलं तर म्हणाले, “आता कुठे निघायची गडबड असते तुम्हाला?” संध्याकाळी लॅपटॉप मिटवला की फोन वाजतो: “घरीच आहात ना? मग एवढं एक बघून टाका.” २७ देशांतल्या पाहणीवरून अर्थतज्ज्ञांनी २०२३ साली हिशेब मांडलाय, की घरून काम केल्यामुळे दिवसाला सरासरी ७२ मिनिटं वाचतात आणि त्यातली साधारण ४० टक्के पुन्हा कामातच जातात. चाळीसच? नशीबवान आहेत लोक.

चीनमधल्या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरचा दाखलाही लेखात आहे. घरी बसवल्यावर काम १३ टक्क्यांनी वाढलं म्हणे. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा तो २०१५चा निबंध मीही चाळलाय. त्या १३ पैकी ९ टक्के वाढ झाली ती माणसं जास्त मिनिटं कामाला जुंपून राहिली म्हणून. मधली उसंत कमी, आजारपणाच्या रजा कमी. कामाचा वेग वाढला तो ४ टक्केच. आणि तेवढंच चांगलं काम करूनही घरून काम करणाऱ्यांना बढत्या कमी मिळाल्या. तुमच्या ‘तोटे’ चौकटीत हे मावलं नसेल. तिथली सगळी जागा एकटेपणा आणि पाठदुखीनं अडवली होती.

एकटेपणा! आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांची पार्सलं माझ्या दारात येतात. शेजारच्यांच्या किल्ल्या माझ्याकडे, त्यांचा प्लंबर आला की दार उघडायला मी. “तुम्ही काय, घरीच असता.” एकटं राहायला मिळालं तर मी आनंदानं राहीन.

पण खरा राग वेगळाच आहे. गेल्या महिन्यात एक चाळीसपानी करार तपासायचा होता. असलं काम मला पडद्यावर जमत नाही. प्रिंट काढली, पेन्सिल घेतली आणि खिडकीपाशी बसले. तेराव्या पानावर एक कलम सातव्या पानाशी जुळत नव्हतं, ते दोन्हीकडे खूण करून ठेवत होते, तेवढ्यात मेसेज: “आहात ना?” बराच वेळ माउस हलला नाही, म्हणून ऑफिसच्या चॅटवर माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा झाला होता. ‘आहे, वाचतेय’ असं कळवलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये, नाव न घेता, ‘काही जण बराच वेळ जागेवर नसतात’ असा विषय निघाला. वीस वर्षं नोकरी केलीय मी. ऑफिसात हाच कागद तासभर वाचत बसले असते, तर जाणाऱ्या-येणाऱ्यानं आवाज कमी केला असता.

त्यानंतर एका तरुण सहकाऱ्यानं युक्ती शिकवली. काट्याचं मनगटी घड्याळ उताणं ठेवायचं आणि वर माउस टेकवायचा. सेकंदकाटा खालून सरकला की पडद्यावरचा बाणही जरासा हलतो आणि ठिपका हिरवा राहतो. माझ्या वडिलांचं जुनं घड्याळ आता हीच ड्यूटी करतं. करार मी खिडकीपाशी वाचते, कामावर हजर घड्याळ असतं. साहेब खूश आहेत. माझं काम सुधारलंय म्हणाले.

ऑफिसात परत जायचंय का, असं कुणी विचारलं तर नाहीच म्हणेन. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा एकही रजा न टाकता सगळं निभावलं, ते घरी होते म्हणूनच. माझं मागणं एवढंच की कामाची वेळ संपली म्हणजे संपली. पोर्तुगालनं २०२१ साली कायदा करून कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याला गाठायला मालकाला मनाई केली. लेखात यावर एक ओळही नाही. मांडीवर बाळ आणि समोर लॅपटॉप घेऊन हसणाऱ्या बाईचा फोटो मात्र चार कॉलमी आहे. असा फोटो छापण्याआधी कुणीतरी बाळ मांडीवर घेऊन चार ओळी टाइप करून बघाव्यात.

जाता जाता: शब्दकोड्याचं उत्तर सलग दोन दिवस छापलेलं नाही. वाचलेल्या वेळातलं माझ्या वाट्याला तेवढंच येतं, ते तरी पूर्ण करू द्या.

आपली,
एक जुनी वाचक
(कृपया नाव छापू नये. साहेबांकडेही आपलाच अंक येतो.)