अंगझडतीला पंच लागतात, मग फोनला?

मा. निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री यांस,

सादर नमस्कार.

विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारणारे गृह खात्याच्या अखत्यारीत येतात, बॅगा उघडणारे मात्र आपल्या खात्याचे. म्हणून हे पत्र आपल्याला.

१९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातलं कलम १०२ वकील म्हणून मला फार आवडतं. कस्टम्सचा माणूस अंगझडती घेणार असेल, तर प्रवासी म्हणू शकतो, ‘आधी मला राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे न्या.’ त्यांना झडतीसाठी सबळ कारण दिसलं नाही, तर प्रवाशाला लगेच सोडावं लागतं. झडती घ्यायचीच तर दोन पंच बोलवायचे, आणि बाईची झडती बाईनेच घ्यायची. सोन्याच्या तस्करीने सरकार बेजार होतं त्या काळातला हा कायदा, तरी माणसाच्या अंगाला हात लावण्याआधी त्याने इतकी पथ्यं घालून दिली.

खिशातल्या फोनचं काय, ते या कलमात नाही.

समजा, दुबईहून मुंबईत उतरलेल्या रत्नागिरीच्या एखाद्या पोराला काउंटरवर कुणी म्हणालं, ‘लॉक काढ.’ नाही म्हणता येतं का, हे त्याला कोण सांगणार? सामान अडकेल, रात्रीची गाडी चुकेल, या धास्तीने तो लॉक काढून देईल आणि कागदोपत्री ती त्याची ‘स्वखुशी’ ठरेल. आत बायकोचे मेसेज, आईचे तपासणी अहवाल, बँकेचं अ‍ॅप. माझ्यासारख्याच्या फोनात तर अशिलांची कागदपत्रं असतात, आणि ती गुप्तता मला कायद्यानेच पाळायला लावली आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि हस्तक्षेप हेतूच्या प्रमाणात हवा. केवळ तोंडी हुकमाला या कसोटीत जागा नाही.

अमेरिकेचे गोडवे मला गायचे नाहीत. तिथे सीमेवर फोन वरवर चाळायला संशयही लागत नाही, आणि व्हिसाधारकाने नकार दिला तर त्याला परत पाठवू शकतात. पण २०१८ पासूनचे त्यांचे नियम कुणालाही वाचता येतात: फोनचं नेटवर्क आधी बंद करायचं, क्लाउडवरचं काही पाहायचं नाही, उपकरण सहसा पाच दिवसांहून जास्त ठेवायचं नाही. आकडेही ते जाहीर करतात. २०२४ च्या आर्थिक वर्षात तिथे ४७ हजारांहून अधिक उपकरणं तपासली गेली. निदान वाद घालायला हाताशी काहीतरी आहे.

तस्करांचे धागेदोरे आज फोनातच सापडतात, हे मान्य. म्हणून तपासणीच नको, असं मी म्हणत नाही. संशयाचं कारण लेखी असावं, राजपत्रित अधिकाऱ्याची परवानगी असावी, नेटवर्क बंद असावं, फोन ठेवून घेतला तर पावती आणि परतीची मुदत मिळावी. पासवर्ड दिला नाही एवढ्यावरून कुणाला संशयित धरू नये. वर्षाला किती फोन उघडले, तो आकडा संसदेत ठेवावा.

सीमाशुल्क कायद्यातल्या दुरुस्त्या आपण वित्त विधेयकातून करतच असता. येत्या विधेयकात कलम १०२ ला एक पोटकलम जोडावं, एवढीच मागणी आहे.

आपला,
मुंबईतील एक वकील