मागच्या गाडीतल्या काकांना

ती. काका,
शि. सा. नमस्कार.

हे सगळं घरी येऊन तोंडी सांगता आलं असतं. पण तुमच्यापुढं आभाराचा विषय काढला की तुम्ही "चहा निवतोय, पी आधी" म्हणता आणि विषय तिथंच मिटतो. म्हणून चारचौघांत लिहितेय. भाचा वाचून दाखवेल. पत्र संपेपर्यंत ओट्यावरनं उठायचं नाही.

सायकलचा हंगाम पार पडला. बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या सायकलफेऱ्यांची, चारही अंतरं पदरात पडली. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस. एकाच हंगामात चारही वेळेत बसली की आमच्यात त्याला ‘एसआर’, म्हणजे सुपर रँडोनर, म्हणतात. बँकेत पेढे वाटले गेले, सोसायटीच्या गणपतीत नारळ मिळाला. प्रमाणपत्रावर नाव एकटीचं आहे आणि ते मला खटकतंय, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात कच्च्या रस्त्यांपासून झाली. ग्रॅव्हल सायकल घेतली, चाळीस मिलिमीटरचे रुंद टायर घातले, पण चालवायची कुठं? आपल्याकडं मोबाईलच्या नकाशावर दिसणारी वाट कधी उसाच्या फडात संपते, कधी कुणाच्या गोठ्यात. पाणंद कुठली आणि ओढा कुठला, त्याला कळत नाही. तुम्ही मात्र एसटीचे ड्रायव्हर, पाटण आणि जावळीच्या मुक्कामी गाड्या चालवलेल्या. संध्याकाळी शेवटच्या गावात एसटी लावायची, देवळात पथारी टाकायची, पहाटे तीच गाडी घेऊन परत. डांबर संपल्यावरचा सातारा जिल्हा तुम्हाला पाठ. तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पानामागं काढून दिलेला नकाशा माझ्याकडं अजून आहे. त्यावर किलोमीटर नाहीत. ‘हितं पाणी’, ‘हितं कुत्री’, ‘हितनं वारा आडवा’ असं लिहिलंय. कुत्र्यांची माहिती तंतोतंत खरी निघाली.

चाळकेवाडीचं पठार तुम्ही सुचवलंत. पवनचक्क्यांची लांबलचक पाती वर न्यायची म्हणून तिथले मुरमाचे रस्ते रुंद केलेले, वळणं ऐसपैस. वर जांभ्याचा सडा, मोकळी खडी आणि वारा असा की सायकल तिरकी धरून चालवावी लागते. या भागात सरावाला याहून चांगली जागा मला माहीत नाही. वनकुसवड्याकडं जाताना मुरमाला आडव्या वळ्या पडलेल्या होत्या, हाडं खिळखिळी करणाऱ्या. तुमच्या लाल डब्यानं असल्या वळ्यांवर हयात काढलेली. "लई हळू गेलीस तर येकयेक वळी मोजशील. जरा वेग धर अन् हात सैल सोड," एवढंच म्हणालात. चाकं खरंच वळ्यांच्या माथ्यावरनं तरंगत गेली. टायरमध्ये मी पस्तीसएक पीएसआय हवा ठेवते हे ऐकून मात्र तुम्ही हबकलात. एवढ्या हवेवर डेपोतनं गाडी काढली असती तर मेमो मिळाला असता म्हणे. रुंद टायर कमी हवेत खडीला धरून बसतो, हे तुम्ही शेवटी मान्य केलंत, तेही सराट्याचे काटे टायरमध्ये घुसूनही आतल्या सीलंटनं भोकं बुजवलेली स्वतः बघितल्यावर. दुसऱ्या दिवशी नाक्यावर हे तंत्रज्ञान तुम्हीच लोकांना समजावून सांगत होता, असं कानावर आलं.

उतरताना तुमचा जुना नियम: ज्या गिअरात चढवली त्याच गिअरात उतरवायची. सायकलला इंजिनाचा ब्रेक नसतो, त्यामुळं नियम जसाच्या तसा कामाचा नाही, हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही क्षणभर गप्प झालात. मग म्हणालात, "मंग वळणाच्या आदीच दाब, वळणात दाबू नको." सज्जनगडाच्या रस्त्यानं खाली आल्यावर तुम्ही वाकून ब्रेकच्या चकत्यांचा वास घ्यायचात. वास आला नाही की मान हलवायचात. तेवढी शाबासकी.

आता ती रात्र.

डेक्कन क्लिफहँगर ही सायकल शर्यत, पुण्याहून गोव्यापर्यंत सुमारे साडेसहाशे किलोमीटर. अमेरिका आडवी पार करायच्या रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) या शर्यतीची ही पात्रता स्पर्धा. मी आणि माझी मैत्रीण दोघींच्या संघात होतो. एक सायकलवर, दुसरी गाडीत मागच्या सीटवर पाय वर करून. दिवसा भाचा चालवायचा, अंधार पडल्यावर स्टिअरिंग तुमच्याकडं. रात्री सायकलस्वाराच्या मागोमाग गाडी ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं. एसटीत ठरलेल्या वेळेत पल्ला गाठायची सवय असलेल्या माणसानं पंचवीसच्या वेगात, कधी चढावर दहाच्या वेगात, क्लच सांभाळत पहाट करायची. गाडीत डुलकी लागली तर पुढं मी.

कराड सोडलं तेव्हा कारखाने सुरू झालेले होते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. माझ्या दिव्यात ते अगदी जवळ आल्यावर दिसायचे. तुम्हाला आधी दिसायचे. मग एक हॉर्न. ही भाषा तुम्हीच ठरवली होती, कंडक्टरच्या घंटीवरनं. एक म्हणजे थांब किंवा सावध हो, दोन म्हणजे चल. डबल बेल. त्या रात्री ओरडून बोलायची वेळ जवळजवळ आलीच नाही.

आणखी एक गोष्ट मला तासाभरानं लक्षात आली. गाडी बरोब्बर मागं असली की हेडलाइटमध्ये आपलीच सावली पुढच्या चाकासमोर पडते आणि खड्डा त्या सावलीत लपतो. माझी सावली पुढं नव्हतीच, डाव्या बाजूला साइडपट्टीवर पळत होती. तुम्ही गाडी हातभर उजवीकडं धरून ठेवली होती, वळण आलं की तेवढीच सरकवून. हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. विचारलं तर म्हणालात, "तुला रस्ता दिसाया नगं व्हय?"

कोल्हापूरच्या पुढं माझं पोट बिघडलं. जेल, एनर्जी बार, जे काही डॉक्टरमैत्रिणीनं हिशेब करून भरून दिलं होतं, ते सगळं परत आलं. एक हॉर्न. तुम्ही उतरलात, काकूंनी दिलेला डबा उघडलात. मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि गार दहीभात. "घास-घास खा. गाडीला बी थंड झाल्याबिगर पाणी घालत नसत्यात." मी बटाटा चोखत उभी होते आणि तुम्ही घड्याळाकडं एकदाही बघितलं नाहीत. मैत्रीण वेळेआधीच सायकलवर बसली, मी मागं झोपले. पुन्हा माझी पाळी आली तेव्हा दोन हॉर्न.

आमचा संघ वेळेत पोचला. कितवा आला हे तुम्ही विचारलंच नाहीत, म्हणून इथंही लिहीत नाही. तुम्ही विचारलंत ते एवढंच की गोव्यात गाडी धुवायची सोय कुठं आहे.

सायकलवाल्यांना एक सांगावंसं वाटतं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात रॅम पूर्ण केली, साधारण ४,८०० किलोमीटर, तेव्हापासून आपल्याकडं लांब पल्ल्याच्या शर्यतींचं वेड वाढलं. चांगलंच झालं. पण शर्यतीची तयारी म्हटलं की आपण चाकांची वजनं तोलतो, पायाचा जोर मोजणारं हजारो रुपयांचं पॉवर मीटर घेतो आणि ड्रायव्हर आदल्या आठवड्यात शोधतो. कुणाचा तरी मित्र, ज्याला सुट्टी आहे. माझ्या मते हा उफराटा कारभार आहे. विनाअपघात सेवेबद्दल सत्कार झालेली, घाट पाठ असलेली माणसं निवृत्त होऊन गावोगाव ओट्यांवर बसलीत. त्यांना विचारा. मानधन द्या, विमा काढा, झोपेची पाळी लावा, आणि त्यांचं ऐका.

बीआरएममध्ये मागं गाडी चालत नाही, मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, हा नियम तुम्हाला अजून पटलेला नाही, माहीत आहे. "मंग डायवरचं काम काय?" असं म्हणत तुम्ही ४०० च्या रात्री कंट्रोलवर स्वयंसेवक म्हणून येऊन बसलात आणि स्टँडवरच्या कंट्रोलरसारखी सगळ्यांच्या कार्डांवर वेळ टाकत राहिलात. दोन पोरांनी आत टाकलेलं रिफ्लेक्टिव्ह जॅकेट तुम्ही बाहेर काढायला लावलंत. आयोजकांना तुम्ही इतके आवडलात की पुढच्या नोव्हेंबरच्या २०० साठी त्यांनी तुम्हाला परस्पर धरलंय. मी हो म्हणून टाकलंय. खुर्ची त्यांची, थर्मास आपला. तेवढं मोतीबिंदूचं त्याआधी उरकून घ्या. डॉक्टरांची वेळ मी घेते.

काकूंना नमस्कार, आणि दहीभातात त्या काय घालतात ते एकदा मला सांगायला सांगा.

तुमची,
बँकेतली सायकलवाली

ता. क. तुम्ही परत केलेले डिझेलचे उरलेले पैसे काकूंच्या पानाच्या डब्यात ठेवून आलेय. ते घेऊन पुन्हा बँकेत येऊ नका. आलात तर तुमच्या खात्यात भरून पावती हातात देईन.