पिल्लं सगळी नरच का निघतात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एप्रिल-मेमध्ये काढलेल्या अपिस्टोग्रामा या छोट्या शोभिवंत माशाच्या बॅचमध्ये जवळपास सगळे नरच निघाले, ही तक्रार दरवर्षी गणपतीच्या सुमारास, पिल्लांचे नर-मादी ओळखू येऊ लागले की हमखास ऐकू येते. मग ‘जोडीच खराब’ म्हणून चांगली विणारी जोडी मोडली जाते. बहुतेक वेळा जोडीत काहीही खोट नसते. पिल्लं पहिला दीड महिना ज्या पाण्यात वाढली, त्या पाण्याचं तापमान तपासायला हवं.

रोमर आणि बायझेनहर्त्स या जर्मन संशोधकांनी १९९६ साली अपिस्टोग्रामाच्या ३७ जातींची पिल्लं २३, २६ आणि २९ अंश सेल्सिअसला वाढवल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३३ जातींत तापमानानुसार प्रमाण बदललं : गरम पाण्यात नर वाढले, थंड पाण्यात माद्या. अंडी घातल्यापासूनचे साधारण ३० ते ४० दिवस निर्णायक असतात. त्यानंतर पाणी कितीही थंड केलं तरी झालेल्या नराची मादी होत नाही. नर-संप्रेरकांचं मादी-संप्रेरकात रूपांतर करणारं अरोमॅटेज नावाचं विकर अनेक माशांत जास्त उष्णतेला कमी पडतं, हे यामागचं मुख्य कारण मानलं जातं.

हा नियम सगळ्या माशांना सरसकट लावू नये. गप्पीमध्ये लिंग मुख्यतः एक्स-वाय गुणसूत्रांवर ठरतं. रंगीत नर जास्त मिळावेत म्हणून गप्पीची टाकी तापवणं म्हणजे वीज वाया घालवणं. क्रिबेन्सिस या शोभिवंत माशात पाण्याचा सामू (पीएच) महत्त्वाचा : आम्लधर्मी पाण्यात नर जास्त निघतात. गोल्डफिशमध्ये उष्णतेने अनुवंशाने मादी असलेलं पिल्लूही नर होऊ शकतं, आणि असा नर पैदाशीला वापरला तर पुढची पिढी जवळपास सगळी माद्यांची येते.

‘पाणी ३० अंशांवर ठेवा, पिल्लं लवकर वाढतात’ हा सल्ला दुकानांतून सर्रास मिळतो. वाढ होते हे खरं. पण अपिस्टोग्रामाच्या बऱ्याच जातींत एका नरामागे दोन-तीन माद्या लागतात. जास्तीचे नर एकमेकांना फाडतात आणि विकलेही जात नाहीत. बऱ्याच जातींसाठी २६ अंश हा सुरुवातीला धरायचा आकडा आहे.

तो राखायचा कसा? ४० लिटरच्या टाकीला ५० वॅटचा हीटर पुरतो, मात्र स्वस्त हीटरच्या चकतीवरच्या आकड्यावर विसंबू नये. एक-दोन अंशांचा फरक सहज असतो, आणि इथे तेवढ्यानेच घात होतो. थर्मामीटर आधी कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते पाहावं, मग तो हीटरपासून लांबच्या टोकाला, पिल्लं फिरतात त्या खोलीवर लावावा. नोंद पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास, अशी दोनदा करावी. पत्र्याच्या छपराखालच्या टाकीत खरी गडबड दुपारी होते. तिथे शेडनेट हवंच. पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा लावलेला टेबलफॅन पुणे-नाशिकच्या कोरड्या हवेत तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतो. कोकणातल्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालावी, नाहीतर क्षार साठून पाणी जड होत जातं. बर्फाच्या बाटल्या टाळाव्यात. तापमान झपकन उतरतं, तासाभरात पुन्हा चढतं आणि पिल्लं दगावतात.

स्वतःच्या जातीसाठी नेमका आकडा हवा असेल तर एकाच बॅचची पोहू लागलेली ९० पिल्लं तीन टाक्यांत ३०-३० वाटावी आणि टाक्या २४, २६ व २९ अंशांवर ठेवाव्यात. सामू, खाणं आणि पाणी बदलण्याचं प्रमाण तिन्हीकडे सारखंच हवं. एकाच टाकीत बदामाची पानं टाकली तर सामू उतरतो आणि परिणाम कशाचा ते कळत नाही. अंडी घातल्यापासून ४५ दिवस झाले की सगळी २६ वर आणावी. मेलेली पिल्लंही मोजावी, कारण अर्धी पिल्लं गेली असतील तर उरलेल्यांच्या प्रमाणाला अर्थ नाही. मोजणी पाचव्या महिन्याआधी करू नये. दबलेले छोटे नर हुबेहूब मादीसारखे दिसतात. आणि ३० पैकी १० ते २० नर निघाले तर तो केवळ योगायोगही असू शकतो. बारा पिल्लांतल्या आठ नरांवरून तर काहीच सिद्ध होत नाही.

शोभिवंत माशांच्या प्रशिक्षण वर्गांत खाद्य आणि रोगांइतकाच वेळ तापमानाच्या नोंदींना द्यावा, आणि पैदासकारांनी पिल्लं विकताना पिशवीवर जातीच्या नावाशेजारी पहिल्या ४० दिवसांचं तापमान लिहावं, ही विनंती.

— काही शोभिवंत मत्स्यपैदासकार, पुणे