विकरे ऊर्जा पुरवत नाहीत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत पचनाविषयीच्या लेखात ‘विकरे शरीरातील रासायनिक क्रियांना जादा ऊर्जा पुरवून त्यांचा वेग वाढवतात’ असे विधान आले आहे. (विकरे म्हणजे एन्झाइम, शरीरातील क्रियांचा वेग वाढवणारी प्रथिने.) लेख एरवी उपयुक्त आहे. परंतु अकरावी-बारावीचे विद्यार्थी अशी कात्रणे जपून ठेवतात, हे रसायनशास्त्र शिकवताना मी पाहत असल्याने हा खुलासा करणे मला आवश्यक वाटते.

कोणतीही क्रिया घडण्यासाठी रेणूंमधील जुने बंध आधी सैल व्हावे लागतात आणि त्याकरिता लागणाऱ्या ऊर्जेला सक्रियण ऊर्जा म्हणतात. प्रयोगशाळेत आपण ती उष्णता देऊन पुरवतो. शरीराला ही सोय नाही, कारण तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या फार वर गेले, तर पेशींतील प्रथिनांचीच घडी विस्कटते. विकर आपल्या खाचेत रेणूला नेमक्या स्थितीत धरते, बंध तुटण्या-जुळण्याच्या मधल्या अस्थिर अवस्थेला आधार देते आणि त्यामुळे ऊर्जेची ती गरजच कमी होते. खंबाटकी घाटातला बोगदा गाडीला डिझेल देत नाही, चढ वाचवतो. तसेच हे आहे. क्रियेच्या आरंभीच्या आणि अखेरच्या पदार्थांमधील ऊर्जेचा फरक विकरामुळे बदलत नाही आणि विकर स्वतः खर्चही होत नाही.

याचा परिणाम मात्र थक्क करणारा असतो. लाल रक्तपेशींतील कार्बॉनिक अनहायड्रेजचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंचे रूपांतर करू शकतो. आरएनएचे घटक तयार होतानाची एक पायरी तर अशी आहे की, विकराविना ती निम्मी पूर्ण व्हायला सुमारे ७ कोटी ८० लाख वर्षे लागतील, असे अमेरिकेतील रिचर्ड वुल्फेंडन आणि त्यांच्या सहकारी यांनी १९९५ मध्ये दाखवले. पेशीत तेच काम सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात होते.

‘विकरयुक्त’ पावडर घेतल्याने अंगात ताकद येते, असे सांगणाऱ्या जाहिरातींना नेमका याच गैरसमजाचा आधार मिळतो. लॅक्टेजच्या कमतरतेमुळे दूध न पचणाऱ्यांना त्या विकराच्या गोळीचा खरोखर उपयोग होतो. पण तो दुधातील साखर फोडण्यापुरता.

पुढील पुरवणीत या विधानाची दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका, सातारा