खटका तुटला म्हणून अख्खा हेडलाइट बदलायचा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका ताईंचं पत्र होतं, हल्ली घरातल्या प्लास्टिकच्या वस्तूंना स्क्रूच नसतात, नुसते खटके असतात, आणि चार पैशांचा स्क्रू वाचवायला कंपन्या आपल्याला गंडवतात असं त्यांचं म्हणणं. राग बरोबर आहे ताईंचा, पण चोर सोडून संन्याशाला धरलंय. मी भोसरीत मोल्डिंगच्या टूलरूममध्ये (प्लास्टिक ओतायचे साचे, म्हणजे मोल्ड, जिथं बनतात तिथं) ३१ वर्षं काढली, असल्या खटक्यांचे (आम्ही स्नॅप म्हणतो, नाहीतर नुसतं लॉक) मोल्ड स्वतःच्या हातानं पॉलिश केलेत, म्हणून लिहितोय. लांबलं तर कात्री लावा.

खटका ही आजची लबाडी नाही हो. बाळाच्या झबल्याचं टिचबटण, पेनाचं टोपण, डब्याचं घट्ट झाकण, सगळं त्याच जातीचं. एक भाग जरासा वाकतो किंवा फुगतो, पुढं सरकतो आणि खट्ट करून जागेवर बसतो, आणि बसल्यावर तो परत सरळ झाला पाहिजे. तिथंच वाकून राहिला तर प्लास्टिक हळूहळू ढिलं पडतं आणि झाकण खुळखुळायला लागतं. उलट स्क्रूचं काय, प्लास्टिकमध्ये चारदा काढला-घातला की आटे गेले, मग तो नुसता गरागरा फिरतो.

मग खटके का तुटतात? लोकांना वाटतं बारीक असतो म्हणून. इथंच गंमत आहे, कितीतरी शिकलेले इंजिनिअरसुद्धा इथं आपटतात. खटका तुटायला लागला की पहिली ऑर्डर येते, जाडी वाढवा! पण वाकायचं तेवढंच आणि जाडी दुप्पट केली तर मुळाशी, म्हणजे खटका वस्तूला जिथं जोडलेला असतो तिथं, प्लास्टिक दुप्पट ताणलं जातं, म्हणजे तो आणखी लवकर तुटणार. त्याऐवजी लांबी दुप्पट करा, ताण एकदम चौथाईवर येतो. म्हणून चांगला खटका लांब आणि लवचिक असतो, आखूड आणि दणकट नाही. दुसरं म्हणजे मुळाशी असलेल्या कोपऱ्याची गोलाई. जाडीच्या निम्मी तरी गोलाई तिथं पाहिजे, काटकोन ठेवला की चीर तिथूनच सुरू होते. तुमच्याकडं तुटलेलं रिमोटचं झाकण असेल तर बघा, दहातले नऊ खटके मुळातूनच गेलेले दिसतील. मोल्डमध्ये ती गोलाई द्यायला फार काही लागत नाही, घाईत राहून जाते एवढंच.

आणि मटेरियल. एकदा ऐन जानेवारीत आमचे नायलॉनचे पार्ट जोडताना पटापटा तुटत होते, मालक मोल्डवर खेकसत होते, मी ड्रॉइंग घेऊन उभा. आमच्या म्हाताऱ्या सुपरवायझरनं काही न बोलता सगळा लॉट गरम पाण्याच्या ड्रममध्ये टाकला, दुसऱ्या दिवशी एक तुटला असेल तर शपथ! नायलॉन मशीनमधून निघतं तेव्हा कोरडं ठणठणीत असतं, पाणी प्यायलं की चिवट होतं. कॉलेजात हे शिकवलं असेलही, पण मला ते ड्रमनं शिकवलं.

आता कंपनीचा दोष खरा कुठं ते सांगतो. खटक्याच्या हुकाला दोन उतार असतात, एक आत जाताना आणि एक बाहेर येताना. बाहेरचा उतार ४५ अंशांच्या आसपास ठेवला तर ओढल्यावर झाकण निघतं, सरळ ९० अंश ठेवला की ते बाहेरून ओढून निघत नाही, बसलं ते बसलं. म्हणजे वस्तू उघडायची की नाही हे कोणीतरी कॉम्प्युटरवर बसून, एका कोनात, आधीच ठरवलेलं असतं. स्विचबोर्डची वरची प्लेट बघा, कडेला स्क्रूड्रायव्हर घालायला छोटी खाच असते, तिथं डिझाइन करणाऱ्यानं वायरमनचा विचार केला. बऱ्याच वस्तूंत तो केलेलाच नसतो.

माझंच सांगतो. पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीला हलकासा धक्का देऊन गेलं. काच शाबूत, दिवा लागतोय, फक्त हेडलाइट बसवायचे दोन कान तुटले. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, चौदा हजार, कान वेगळे येत नाहीत. इन्शुरन्स आहे म्हटलं, तर प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, झिरो डेप (घसारा न कापणारी जादाची पॉलिसी) नसेल तर निम्मे तुमचे तुम्ही भरा. त्या दोन कानांचं वजन मिळून दहा ग्रॅमही नसेल! आणि त्याच गाडीच्या दाराचं आतलं पॅनेल ज्या क्लिपांवर बसतं त्या वेगळ्या असतात, काढताना तुटल्या तर ॲक्सेसरीच्या दुकानात दहा रुपयाला एक मिळते. म्हणजे तुटणारा तुकडा वेगळा ठेवायची अक्कल आहे, पण ती दाराला वापरली आणि हेडलाइटला नाही. युरोपात फोक्सवॅगनसारख्या कंपन्या हेडलाइटच्या कानांचं रिपेअर किट विकतात, तुटलेला कान कापा, नवा स्क्रूनं लावा, झालं.

युरोपियन युनियनमध्ये फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम लागू होतोय. फ्रान्समध्ये २०२१ मध्येच मोबाइल, लॅपटॉप, टीव्हीला दुरुस्तीचे मार्क, म्हणजे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी त्याचे गुण, द्यायला सुरुवात झाली. आपल्याकडं ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ च्या डिसेंबरात राइट टू रिपेअर पोर्टल (दुरुस्तीच्या हक्काची वेबसाइट) काढलं, त्यात वाहनंही आहेत. त्यावर माहिती टाकायची तर कंपन्यांनी खटके कुठं आहेत, कुठून दाबायचे, याचं एक साधं चित्र टाकावं आणि तुटणारे कान वेगळे विकावेत, एवढंच माझं मागणं आहे.

माझे कान मी ओळखीच्या गॅरेजमध्ये हॉट स्टेपलरनं जोडून घेतले. हेडलाइटच्या मागं पीपी (पॉलिप्रॉपिलीन, एक जातीचं प्लास्टिक) लिहिलेलं होतं, त्यावर झटपट चिकटणारा गोंद धरत नाही, गरम करून तारच घुसवावी लागते. आठ महिने झाले, अजून हललेले नाहीत.

आपला,
एक जुना टूलरूमवाला, भोसरी

ता. क. : पत्रवाल्या ताईंना सांगा, मिक्सरचं खटक्यांवर बसवलेलं खालचं झाकण कधी उघडायचं असेल तर आधी हेअर ड्रायरनं दोन मिनिटं कडा शेकवा, प्लग काढून अर्थात. आणि डिसेंबरात सकाळी सकाळी अजिबात नको, थंडीत प्लास्टिक आमच्या मालकांसारखं ताठ असतं.