वकीलबाई, हे पत्र डब्याऐवजी

प्रिय वकीलबाई,

गेल्या महिन्यात बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन मी तुमच्या ऑफिसात आले होते. तुम्ही एक लाडू उभ्याउभ्याच खाल्लात आणि बाकीचा डबा नियमात बसत नाही म्हणून माझ्या हातात परत ठेवलात. त्या दिवसापासून हे पत्र मनात घोळतंय. मराठीत लिहितेय, कारण मनातलं मला मराठीतच नीट सांगता येतं. ज्याची केस तुम्ही लढवलीत तो माझा भाऊच तुम्हाला समोर बसून याचा अर्थ सांगेल. आणखी एक कारण आहे. उद्या इथे अमेरिकेत एखाद्या मराठी घराच्या दारात सकाळी सहाला अटक करायला आलेली माणसं उभी राहिली, तर जे आम्हाला फार उशिरा कळलं ते त्या घराला आधीच ठाऊक असावं.

अटकेच्या दिवशी दुपारी तुमचा फोन आला. 'मी तुमच्या भावाची वकील, फेडरल पब्लिक डिफेंडरच्या ऑफिसातून बोलतेय,' असं तुम्ही म्हणालात. म्हणजे केंद्राच्या (फेडरल) कोर्टात, वकील न परवडणाऱ्या आरोपीचा बचाव करणारं ऑफिस. मी लगेच पुण्याला आईला कळवलं की त्याला सरकारी वकील मिळाली आहे. आई रडायलाच लागली. आपल्याकडे सरकारी वकील म्हणजे आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून उभा राहणारा माणूस! 'अगं, ती आपल्या बाजूने कशी बोलेल?' हा तिचा प्रश्न मलाही पडला होता. नातेवाइकांचं वेगळंच चाललं होतं. फुकटचा वकील तो फुकटचाच, घर गहाण टाका पण चांगला वकील करा, असं सगळ्यांचं म्हणणं. दोन खाजगी वकिलांनी सुरुवातीलाच सांगितलेली रक्कम ऐकून मी फोन ठेवला होता. भावाची नोकरी तर केव्हाच सुटली होती.

तुम्ही मला नेवार्कच्या कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये समजावलंत की खटला चालवणारे वकील न्याय खात्याचे असतात आणि तुमचं ऑफिस न्यायशाखेकडे येतं. पगार दोघांनाही सरकारी तिजोरीतूनच मिळतो, पण तुम्ही बांधील असता फक्त आरोपीला. पुढे मी स्वतः वाचलं. फ्लोरिडाच्या तुरुंगातून क्लॅरन्स गिडियन नावाच्या कैद्याने पेन्सिलीने अर्ज लिहिला. त्यावर १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या गरीब माणसाला राज्यांच्या कोर्टातही वकील मिळालाच पाहिजे. फेडरल कोर्टात तो हक्क १९३८ पासूनच होता, मात्र त्यासाठी पैशांची रीतसर सोय झाली १९६४ च्या कायद्याने. ज्याला आम्ही फुकटचं म्हणत होतो, त्याच्यामागे एवढं सगळं होतं.

पहिल्या दिवशी मॅजिस्ट्रेट जजसमोर भावाला आणलं तेव्हा त्याच्या पायात बेड्या होत्या. मला वाटलं, तो गुन्हेगार आहे की नाही हे आजच ठरणार. तुम्ही मागे वळून हळूच म्हणालात, 'आज फक्त दोन गोष्टी बघतील. हा पळून जाईल का, आणि बाहेर राहिला तर कुणाला धोका आहे का.' तेवढ्या एका वाक्याने माझा श्वास परत आला. पुण्याहून काका 'अटकपूर्व जामीन का नाही घेतलात?' म्हणून ओरडत होते. इथे तसं काही नसतं हे मी त्यांना तुमच्याच शब्दांत सांगितलं. भावाचा पासपोर्ट जमा झाला, तो कोर्टात हजर राहील अशा हमीच्या बाँडवर मी सही केली, एक पैसाही भरावा लागला नाही, आणि संध्याकाळी तो माझ्या घरी जेवला.

स्वयंपाकघरातली ती सकाळ तर मी विसरूच शकत नाही. अटकेच्या चार महिने आधी केंद्राचे दोन तपास अधिकारी, एजंट, घरी आले होते. भावाने त्यांना बसवलं, चहा विचारला आणि दोन तास बोलत राहिला. मी काही लपवत नाही, मग घाबरायचं कशाला, असं त्याला वाटलं. त्याला अटक झालेली नव्हती, त्यामुळे 'गप्प राहण्याचा हक्क आहे' असं त्याला कुणी सांगायचा प्रश्नच नव्हता. ती सूचना ताब्यात घेऊन चौकशी करतात तेव्हा द्यावी लागते. फेडरल अधिकाऱ्याला जाणूनबुजून महत्त्वाची खोटी गोष्ट सांगणं हाच वेगळा गुन्हा, पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? एक तारीख त्याने घाबरून चुकीची सांगितली होती. ती चूकच होती, खोटेपणा नव्हता, हे दाखवायला तुमचे तीन आठवडे गेले. तुम्ही त्याच्यावर चिडला नाहीत. 'पुढच्या वेळी चहा द्या आणि सांगा की वकिलाशिवाय बोलणार नाही,' एवढंच म्हणालात.

मी मात्र तुमच्यावर चिडले होते. पहिल्याच भेटीत तुम्ही मला खोलीबाहेर बसवलंत. मोठी बहीण मी, त्याला इथे आणलं मी, आणि मलाच बाहेर? मग तुम्ही दार उघडून कारण सांगितलंत. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गोपनीय असतं, तिसरं माणूस आत बसलं तर ते संरक्षण जाऊ शकतं आणि उद्या मलाच साक्षीला बोलावता येईल. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर केसबद्दल अक्षरही लिहायचं नाही हेही तेव्हाच बजावलंत. मी ग्रुपवर 'सगळं ठीक आहे' एवढंच लिहीत राहिले. नातेवाईक रागावले. रागावू दिलं.

आता खरं ते लिहिते. भावाने ते केलं होतं. सगळं नाही, पण केलं होतं. ज्या बिलिंग कंपनीत तो होता तिथे, न दिलेल्या उपचारांची बिलं मेडिकेअरकडे, म्हणजे मुख्यतः वयस्कर लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याकडे, जात होती. त्याच्या लक्षात आलं, त्याने मालकाला विचारलं, आणि 'तू तुझं काम कर' हे ऐकून पुढचे सहा आठवडे तो तीच बिलं भरत राहिला. मग नोकरी सोडली. आरोप मात्र सगळ्या वर्षांच्या सगळ्या रकमेत सामील असल्याचा होता. एका गुन्ह्याला जास्तीत जास्त दहा वर्षं. मला तुमच्याकडून ऐकायचं होतं की तो निर्दोष आहे. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. त्याने काय केलं आणि काय नाही, याची रेघ नेमकी कुठे पडते तेवढंच शोधू, असं म्हणालात. ती रेघ शोधण्यासाठी तुम्ही हजारो पानं वाचलीत, त्याच्या लॉगिनच्या नोंदी एकेका तारखेशी ताडून पाहिल्यात.

त्या रेघेवर सगळं अवलंबून होतं, कारण त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. फसवणुकीत नुकसान दहा हजार डॉलरच्या वर गेलं की इमिग्रेशनच्या कायद्यात तो सर्वात गंभीर वर्गातला गुन्हा ठरतो आणि देशाबाहेर पाठवणी जवळजवळ अटळ होते. अशा परिणामांची कल्पना अशिलाला देणं वकिलाचं कर्तव्यच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पडिया खटल्यात ठरवलं. पण तुम्ही नुसती कल्पना देऊन थांबला नाहीत. २००९ च्या निझावन खटल्याचा निकाल उघडून दाखवलात. त्याप्रमाणे नुकसान किती हे ठरवताना इमिग्रेशन कोर्ट शिक्षेच्या वेळचे कागदही बघू शकतं, म्हणून सरकारी पक्षाशी होणाऱ्या कबुलीच्या करारातल्या रकमेच्या प्रत्येक ओळीवर तुम्ही भांडलात. शेवटी सहा आठवड्यांची, दहा हजारांच्या आतली रक्कम कागदावर आली. खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या ग्रँड ज्युरीपुढे प्रकरण जायच्या आधीच एका कलमावर कबुली ठरली. फेडरल कोर्टात शिक्षा होणाऱ्या दहातल्या नऊहून अधिक जणांनी कबुलीच दिलेली असते हे तुम्ही सांगितलंत, पण बारा जणांच्या ज्युरीपुढे जायचा हक्क त्याचाच आहे आणि निर्णयही त्याचाच, हे प्रत्येक भेटीत पुन्हा सांगितलंत. दोन आठवडे त्याला विचार करू दिलात. घाई केली असतीत तर तो हो म्हणाला असता, पण ते हो त्याचं नसतं.

कबुलीच्या दिवशी न्यायाधीशांनी त्याला कितीतरी प्रश्न विचारले. शिक्षण किती, काही औषध घेतलंय का, कुणी दबाव आणलाय का, करारात काहीही असलं तरी शिक्षा कोर्टच ठरवेल हे कळलंय का. तुम्ही आदल्या दिवशी हे सगळं त्याच्याकडून म्हणवून घेतलं होतं, पाठ करायला नव्हे, समजायला. प्रत्येक उत्तर त्याने मान वर करून दिलं.

शिक्षेआधी न्यायाधीशांसाठी लिहिलेली आमची पत्रं तुम्ही परत पाठवलीत. माझं तर तीनदा. 'तो किती चांगला आहे हे सगळेच लिहितात, तुम्ही पाहिलेलं लिहा.' मग मी बाबांच्या आजारपणातल्या रात्री लिहिल्या, आणि त्या सहा आठवड्यांत तो जेवणाच्या ताटावर कसा गप्प बसायचा तेही. आईचं पत्र मराठीतच होतं. तुम्ही त्याचं रीतसर भाषांतर करून घेतलंत आणि मूळ पानही जोडलंत, न्यायाधीशांना तिचं अक्षर दिसावं म्हणून. हे कुणी तुम्हाला करायला सांगितलं नव्हतं.

शिक्षा किती असावी हे सुचवणारा ४३ ओळी आणि ६ रकान्यांचा तो तक्ता तुम्ही आम्हाला बोट ठेवून दाखवला होता. तो २००५ पासून फक्त मार्गदर्शक आहे, आणि फेडरल तुरुंगात पॅरोलवर लवकर सुटका नसते, हे तुम्ही पहिल्या महिन्यातच स्पष्ट केलं होतं. भावाचं बोट शून्य ते सहा महिन्यांच्या चौकटीवर थांबलं. त्याला तुरुंगाऐवजी दोन वर्षं प्रोबेशन, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली बाहेर राहणं, झालं आणि भरपाई द्यायची होती. प्रोबेशन आता संपलं, भरपाईही फिटली.

एक गोष्ट राहिली, जी तुम्ही आनंदाच्या दिवशीही आम्हाला विसरू दिली नाहीत. तो भारतात गेला तर या गुन्ह्यामुळे परत येताना विमानतळावर प्रवेशच अडू शकतो. म्हणून तो जात नाही. आईच येतेय, पुढच्या महिन्यात, नेवार्कलाच उतरेल. सहा वर्षांनी ती त्याला पाहणार आहे. मग तिला तुम्हाला भेटायचंय. आम्ही तिघं येऊ. डबा आणणार नाही, असं तिला आत्तापासून सांगतेय. ती ऐकेल असं वाटत नाही.

तुमची,
(तुम्ही ज्या नावाने हाक मारता ती) ताई